प्रायमर बदलताय? आधी वेग मोजा, ग्रुप नंतर बघू

हजार यार्डांच्या लाइनीवर कुणाचे शॉट उभ्या रेषेत वर-खाली पसरले की शेजारचा हमखास विचारतो, "प्रायमर कुठला वापरतोस?" प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसणारी, आतली पावडर पेटवणारी छोटी वाटी. मग फेडरल कंपनीचा चांगला की सीसीआयचा, यावर दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलणं सुरू होतं. फिनिक्सच्या उत्तरेला बेन एव्हरी रेंज आहे, तिथे हा संवाद मी इतक्यांदा ऐकलाय की कोण पुढे काय म्हणणार हेही आता पाठ झालंय. प्रायमरने फरक पडतोच, त्याबद्दल वाद नाही. पण तो किती पडतो, कागदावर कुठे दिसतो आणि दिसलेला फरक खरोखर प्रायमरचाच आहे हे कसं ठरवायचं, इथे बहुतेकांची गाडी पाच शॉटवर अडते. माझी पद्धत खाली सांगतो.

त्याआधी देशातल्या वाचकांसाठी. मी अॅरिझोनात राहतो, आणि स्वतःच्या वापरासाठी घरी काडतुसं भरायला इथे परवाना लागत नाही. भारतात तसं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळा म्हणजे फक्त भरलेलं काडतूस नव्हे, त्याचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्रीही त्यात धरलेली आहे, आणि विनापरवाना बनवणं हा गुन्हा. म्हणजे तिकडे हे करून बघायचं नाही, आणि इकडच्यांनी काडतुसं भरायचे प्रेस-डाय ट्रंकेत घालून हौसेने गावी न्यायचे नाहीत. रेंजवरची सॅक मुंबईच्या विमानाला नेऊ नका. कप्प्यात विसरलेल्या एका काडतुसापायी भर विमानतळावर पोलिसांना जबाब देत बसावं लागतं.

दुसरं, हे सगळं सेंटरफायरबद्दल आहे, म्हणजे ज्यात प्रायमर बुडाच्या मधोमध बसतो त्या काडतुसांबद्दल. २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं, ती .२२ रिमफायर. तिच्यात प्रायमर वेगळा नसतोच, पेट घेणारा मसाला केसच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाच्या, कडेत भरलेला असतो. तिथले नेमबाज तयार काडतुसांचे वेगवेगळे लॉट, म्हणजे कारखान्यातून आलेल्या वेगवेगळ्या खेपा, आपल्या बॅरलमधून मारून बघतात आणि जमेल तो उचलतात. आपल्याला मात्र पितळ (रिकामी केस), पावडर, बुलेट, प्रायमर हे चारही स्वतः निवडायचे असतात, आणि चारांपैकी प्रायमर सर्वात शेवटी निवडायचा. पावडर आणि बुलेट नक्की होण्याआधी प्रायमरच्या मागे लागणारा माणूस पैसे आणि बॅरल दोन्ही जाळतो.

प्रायमर म्हणजे एक छोटी वाटी, तिच्यात लेड स्टिफ्नेटवर आधारलेला मसाला आणि वर तीन किंवा दोन पायांची ऐरण. फायरिंग पिनने वाटीचा तळ आत दाबला की मसाला ऐरणीवर चेंगरतो आणि पेटतो. ज्वाला, तापलेले वायू आणि जळते कण फ्लॅश होलमधून, म्हणजे केसच्या तळाच्या बारीक भोकातून, पावडरीत घुसतात. ही ऐरण प्रायमरमध्येच असते तो बॉक्सर पद्धतीचा प्रायमर, इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सरच्या नावाचा. ऐरण केसच्या तळाशीच घडवलेली असेल तर ती बर्डन पद्धत, आणि हा हायरम बर्डन अमेरिकन. गंमत बघा, आज अमेरिकन माणूस इंग्रजाचा प्रायमर वापरतो आणि अमेरिकनाची पद्धत जास्त करून अमेरिकेबाहेर दिसते.

रायफलचे प्रायमर दोन आकारांत मिळतात. लार्ज ०.२१० इंचाचा, स्मॉल ०.१७५ इंचाचा. त्यात पुन्हा साधा, मॅग्नम आणि अचूक नेमबाजीच्या स्पर्धांसाठीचा मॅच किंवा बेंचरेस्ट असे प्रकार. मॅग्नममध्ये मसाला जास्त किंवा जास्त तापणारा असतो. फेडरलचा २१५ मुळात .३७८ वेदरबीसाठी काढला गेला, कारण त्या अवाढव्य केसमधली शंभर ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) वरची पावडर साध्या प्रायमरने नीट पेटेना. मॅच प्रायमरमध्ये जादू काही नसते, मसाला भरताना आणि तपासताना काळजी जास्त घेतात, इतकंच. फेडरलचे २१०एम आणि २०५एम, सीसीआयचे बीआर-२ आणि बीआर-४ हे त्यातले रोजचे.

माझी रायफल ६.५ क्रीडमूर, पावडर एच४३५०, बुलेट १४० ग्रेनची. हॉर्नडीने २००७ मध्ये हे काडतूस आणलं तेव्हा त्याला लार्ज प्रायमर होता. पुढे लापुआने याच काडतुसाचं स्मॉल प्रायमरचं पितळ काढलं. त्याचं फ्लॅश होलही बारीक, १.५ मिलिमीटरचं, त्यामुळे जुना प्रायमर बाहेर ढकलणारी नेहमीची डिकॅपिंग पिन त्यात अडकते. बारीक पिन आधी मागवा, नाहीतर पहिल्याच केसला पिन वाकेल. या पितळात पॉकेटभोवती, म्हणजे प्रायमर बसतो त्या खळग्याभोवती, धातू जास्त राहतो, म्हणून पॉकेट सैल व्हायला वेळ लागतो. लोक त्यासाठीच ते घेतात. थंडीत मात्र स्मॉल प्रायमरने एवढी पावडर पेटवताना वेग जरा इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून अनेक जण सीसीआय ४५० या स्मॉल मॅग्नम प्रायमरकडे वळतात.

आता जिथे घाई करायची नाही ती गोष्ट. प्रायमर बदलला की दाब बदलतो. साध्याच्या जागी मॅग्नम घातला तर वाढतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण एका कंपनीचा साधा काढून दुसऱ्या कंपनीचा साधा घातला तरी तो बदलतो, हे अनेकांच्या गावीही नसतं. त्यामुळे तुमचा लोड, म्हणजे पावडर-बुलेट-प्रायमरची जुळणी, मॅन्युअलमधल्या कमाल मर्यादेजवळ असेल तर नुसता प्रायमर बदलून मारायचा नाही. मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या चार्जवर (पावडरीच्या वजनावर) परत यायचं आणि हळूहळू वर चढायचं. तुलना करायची ती कमाल चार्जच्या बरीच खाली, जिथे सगळ्यात गरम प्रायमरही तुम्हाला हद्दीबाहेर नेणार नाही. वापरलेल्या प्रायमरचा चेहरा बघून दाब ओळखायची सवय बऱ्याच जणांना असते. चपटा झालेला प्रायमर काहीतरी सांगतो खरा, पण मऊ वाटीचा प्रायमर कमी दाबालाही चपटा होतो, आणि पिनभोवतीची कड वर आली तर दोष बोल्टमधल्या मोठ्या भोकाचाही असू शकतो. वाटीला भोक पडलं मात्र तिथेच थांबायचं. स्मॉल प्रायमरमध्ये वाटीची जाडी आधीच बघून ठेवा. सीसीआय ४०० ची साधारण २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ४५० आणि बीआर-४ ची २५ च्या आसपास. रेमिंग्टनचा ६½ जास्त दाबाच्या काडतुसांत वापरू नका असं कंपनीच सांगते, त्यासाठी त्यांचा ७½ आहे.

तुलनेला तीन प्रायमर पुरेत. दुकानात सहज आणि पुढेही मिळतील असेच घ्या. २०२० नंतरच्या टंचाईत तीस-पस्तीस डॉलरचा हजाराचा खोका शंभरावर गेला होता, तेव्हा मिळेल तो प्रायमर वापरून लोकांनी दिवस काढले. जे पुन्हा मिळणार नाही ते श्रेष्ठ ठरवून उपयोग काय? आणि पावडर बघून निवडा. एच४३५० किंवा व्हारगेटसारखी काडीची पावडर साध्या प्रायमरने छान पेटते. बॉल पावडरीच्या दाण्यांवर जळणं मंदावणारा लेप दाट असतो. ओल्या सरपणाला जरा जास्त जाळ लागतो तसं तिचं आहे. तिथे यादीत एक मॅग्नम हवाच.

तयारीला बसलात की प्रायमर सोडून बाकी सगळं एकसारखं करायचं. पितळ एका लॉटचं आणि सारख्याच वेळा मारलेलं. केसच्या मानेची बुलेटवरची पकड सारखी, बुलेट एकाच खोक्यातले. वजनकाटा हा यातला छुपा शत्रू. क्रीडमूरच्या आकाराच्या केसमध्ये ०.१ ग्रेन पावडरीने वेग साधारण ५-६ एफपीएस (फूट प्रति सेकंद) हलतो. तुमचा काटा ०.१ इकडे किंवा तिकडे चुकत असेल, तर नुसत्या काट्यापायी दहा-बारा एफपीएसचा पसारा होतो आणि प्रायमरचा फरक त्यातच बुडून जातो. एच४३५० चा एक दाणा साधारण ०.०२ ग्रेनचा, म्हणजे दाण्यापर्यंत तोलणारा काटा असेल तरच या परीक्षेला अर्थ आहे. नसेल तर आधी काट्यावर पैसे घाला. फायरिंग पिनची स्प्रिंग जुनी असेल तर तीही बदलून घ्या. पिनचा ठोका कमी-जास्त पडला की प्रायमर कमी-जास्त पेटतो, आणि मग बिचाऱ्या प्रायमर कंपनीच्या नावाने बोटं मोडली जातात.

माझ्या मते चांगल्या आणि वाईट प्रायमरमधल्या फरकाइतकाच फरक तो बसवण्यात पडतो. मी प्रेसवर बसवत नाही, हातातल्या टूलने बसवतो, कारण हाताला कळतं. पॉकेटमधली काजळी काढलेली असली पाहिजे. लिव्हर दाबायला लागलं की आधी कडांचं घर्षण जाणवतं, प्रायमर सरकत जातो. मग एक ठेच लागते, तिथे ऐरणीचे पाय पॉकेटच्या तळाला टेकले. बरेच जण इथे सोडतात. तसं करायचं नाही. त्या ठेचेपुढे अगदी किंचित, दोन-चार थाऊ, अजून दाबायचं, म्हणजे ऐरण मसाल्यावर आधीच टेकून बसते. नंतर अंगठ्याच्या नखाने केसच्या बुडावरून आडवी रेघ ओढा. नख प्रायमरच्या कडेशी किंचित खाली उतरलं पाहिजे. मोजायचं असेल तर तो बुडाच्या पातळीपासून तीन ते पाच थाऊ खाली असावा. नखाला वर आलेला लागला तर ते काडतूस बाजूला. अर्धवट बसलेला प्रायमर पिनच्या ठोक्याने आधी आत सरकतो आणि मग पेटतो. ठोक्याची अर्धी ताकद त्यातच जाते, वेग विस्कळीत होतो. एम१ गरँडसारख्या सेमी-ऑटो रायफलीत वर राहिलेला प्रायमर बोल्ट बंद होतानाच उडू शकतो. कुठल्या पॉकेटमध्ये प्रायमर पिठात बोट घातल्यासारखा सुळकन गेला, तर ते पितळ संपलं. भावना मध्ये आणू नका, भंगारात टाका.

काम करताना डोळ्यांवर चष्मा असू द्या. प्रायमर मूळ खोक्यातच ठेवायचे. काचेच्या बरणीत ओतून ठेवलेले प्रायमर म्हणजे बॉम्बच, एक उडाला की बाकीचे साथ देतात. घरात दहा हजारांपेक्षा जास्त साठवू नयेत असं एनएफपीए ४९५ हे अमेरिकेतलं सुरक्षा मानक सांगतं. मसाल्यात शिसं असतं, ते वापरलेल्या केसमधून टम्बलरच्या, म्हणजे केस घोळवून साफ करणाऱ्या यंत्राच्या, धुळीत उतरतं. म्हणून टम्बलर घराबाहेर, बेंचवर चहा-बिस्कीट नाही, आणि उठताना साबणाने हात धुवायचे.

आता मारायचं कसं. तीन प्रायमरचे तीन गठ्ठे एकामागून एक मारू नका. पहिल्याला गार बॅरल मिळतं, तिसऱ्याला तापलेलं आणि काजळलेलं, आणि वर माणूस दमलेला. आधी दोन-चार शॉट बॅरल काळं करायला, आणि मग फिरती पाळी: ए, बी, सी, पुन्हा ए, बी, सी. प्रत्येक शॉटमधलं अंतर सारखं ठेवा आणि काडतूस चेंबरमध्ये शिजत ठेवू नका. फिनिक्सच्या जूनमध्ये पारा ११० फॅरनहाइटवर जातो, तेव्हा काडतुसांचा डबा सावलीत, शक्यतो कूलरमध्ये. वेग मोजायला मी गार्मिनचं छोटं रडार वापरतो. नळीला बांधायचा मॅग्नेटोस्पीड वेग चांगला मोजतो, पण नळीच्या टोकाला वजन लटकल्याने मार सरकतो. त्याच शॉटचा ग्रुपही, म्हणजे कागदावर शॉट किती जवळजवळ पडले तेही, बघायचं असेल तर तो नको.

आकडे कसे वाचायचे, यावर खरा वेळ द्या. क्रोनोग्राफ, म्हणजे वेग मोजणारं यंत्र, दोन गोष्टी दाखवतो, सरासरी वेग आणि एसडी (प्रमाण विचलन, म्हणजे वेग सरासरीभोवती किती पसरतो ते). यांपैकी सरासरी लवकर खरं बोलते, एसडी नाही. समजा दोन्ही प्रायमरचा खरा एसडी १० आहे आणि प्रत्येकी दहा शॉट मारले. दोन सरासऱ्यांमधल्या फरकाची अनिश्चितता मग साधारण साडेचार एफपीएस येते. एकाची सरासरी २७०० आणि दुसऱ्याची २७२२ आली, तर हा फरक खरा आहे असं बिनदिक्कत म्हणा. चार-पाचचा आला तर गप्प बसा.

एसडीचं तसं नाही. पाच शॉटवर एसडी १० आला, तर खरा एसडी ६ ते २९ यांमध्ये कुठेही असू शकतो, ९५ टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं. दहा शॉटवर ही हद्द ७ ते १८ होते, वीसवर साधारण साडेसात ते साडेचौदा, तीसवर ८ ते १३. म्हणजे "याचा एसडी ६ आला, त्याचा ११, आता कायम हाच" असं पाच-पाच शॉटवर कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि सोडून द्या. एकच प्रायमर दोन गठ्ठ्यांत वाटून मारला तरी असा फरक सहज येतो. विश्वास बसत नसेल तर खरंच तसं करून बघा, दुसऱ्याकडून गठ्ठे वाटून घ्या म्हणजे कुठला कुठला ते तुम्हाला कळणार नाही. या एका प्रयोगाने माणूस बराच नम्र होतो. सर्वात कमी आणि सर्वात जास्त वेगातलं अंतर, म्हणजे ईएस, तर याहून बेभरवशाचं. शॉट वाढवले की ते वाढतच जातं, त्यामुळे पाच शॉटचा ईएस आणि वीस शॉटचा ईएस शेजारी मांडणं हा निव्वळ अप्रामाणिकपणा.

ग्रुपची तुलना करताना अजून एक पेच आहे. सारख्याच चार्जवर बी प्रायमरचा वेग २२ ने जास्त आला आणि त्याचा ग्रुपही लहान आला. श्रेय कुणाला? वेग वाढल्याने बुलेट नळीतून निघायची वेळ बदलली, म्हणून ग्रुप सुधारला असेल. तसं असेल तर तोच लाभ ए ला पावडर वाढवूनही मिळाला असता. म्हणून मी दुसरी फेरी घेतो. वेगवान प्रायमरची पावडर कमी करून, वरच्या हिशेबाने इथे साधारण ०.४ ग्रेन, दोघांचा वेग सारखा करतो आणि मग ग्रुप बघतो. समायोजन नेहमी पावडर कमी करूनच, वाढवून नाही. या फेरीनंतर बऱ्याचदा दोन्ही ग्रुप एकमेकांसारखेच निघतात. क्वचित खरंच एक प्रायमर पुढे राहतो, आणि तो फरक मग मानावा.

शंभर यार्डांवर वेगाचा पसारा दिसत नाही, तेवढ्या अंतरात गोळीला खाली यायला वेळच मिळत नाही. तिथे ग्रुप लहान आला म्हणून प्रायमर चांगला, असं म्हणू नका. हजार यार्डांवर मात्र २७०० च्या आसपास निघणाऱ्या १४० ग्रेनच्या बुलेटला १० एफपीएसचा फरक साधारण अडीच इंच वर-खाली करतो. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या रायफल स्पर्धेच्या हजार यार्डांच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ १० इंचांचं आणि त्याच्या आतलं एक्सचं ५ इंचांचं. आता हिशेब करा. वेग सोडून बाकी सगळ्यामुळे, म्हणजे रायफल, वारा, तुम्ही स्वतः, उभा पसारा २ इंच एसडीचा आहे असं धरू. वेगाचा एसडी १० असेल तर त्याचे अडीच इंच त्यात मिसळतात. वर्ग करून बेरीज केली आणि वर्गमूळ काढलं की एकूण ३.२ इंच. प्रायमर बदलून एसडी ५ वर आला तर एकूण २.४. हा फरक एक्स मोजणाऱ्याला नक्की जाणवेल. पण ३०० यार्डांवर हरणाची शिकार करणाऱ्याने या सगळ्यात पडूच नये. साधा प्रायमर घ्यावा, नीट बसवावा आणि वाचलेल्या वेळात उभं राहून नेम धरायचा सराव करावा.

थंडीची परीक्षा वेगळी घ्या. फेब्रुवारीत बेन एव्हरीवर बर्गर या बुलेट कंपनीच्या नावाची मोठी स्पर्धा असते, तेव्हा वाळवंटातली सकाळ चांगलीच गार असते. उन्हाळ्यात जुळवलेला लोड तिथे थेट घेऊन जाऊ नका. वीस शॉट पहाटे मारा, सरासरी किती खाली आली ते लिहा. गारठ्यात एसडीही स्पष्ट वाढला तर मॅग्नम प्रायमर आजमावायला हरकत नाही, पण पुन्हा सुरुवातीच्या चार्जपासून. आणि तोच लोड जूनच्या दुपारी कसा वागतो हे बघितल्याशिवाय तो डब्यात भरून ठेवू नका.

निवड झाली की त्याच लॉटचे प्रायमर घेता येतील तितके घ्या, बॅरलच्या उरलेल्या आयुष्याला पुरतील एवढे मिळाले तर उत्तमच, फक्त वरची दहा हजारांची मर्यादा पाळून. नवीन लॉट उघडलात तर चार्ज थोडा खाली आणून जुन्या लॉटसोबत दहा-दहा शॉट फिरत्या पाळीने मारा आणि फक्त सरासरी बघा. फरक दहाच्या आत असेल तर पुढे चला, जास्त असेल तर पावडर जुळवून घ्या. काडतुसांच्या डब्यावर पावडरीच्या लॉटशेजारी प्रायमरचाही लॉट नंबर आणि मारल्या दिवशीचं तापमान लिहून ठेवा.